मोडका व्हिडिओ गेम घेण्यापूर्वीं

दिवाळीच्या तोंडावर घराची झाडलोट निघाली म्हणजे माळ्यावरून कल्हई उडालेलीं पातेलीं, पाय मोडलेला पाट, कोणाच्या तरी बारशाचा पाळणा अशा वस्तु खालीं येतात. अलीकडे त्यांच्या सोबतीला एक काळी, धुळीनें माखलेली पेटीहि येऊं लागली आहे. तिच्या मागें तांबड्या, पांढऱ्या व पिंवळ्या टोंकांची एक वायर लोंबत असते. घरांतील एखादा पस्तिशीचा गृहस्थ ती पेटी हातीं घेतो, फडक्यानें पुसतो, 'हा माझा गेम; चालत नाहीं, पण टाकूं नका,' असें सांगतो आणि पेटी पुन्हां माळ्यावर जाते. ज्यास कन्सोल म्हणतात तो हाच. ज्या घरीं माळा नसतो तेथून तो भंगारवाल्याकडे जातो व त्याच्याकडून जुन्या बाजारांत येतो. अशा मोडक्या कन्सोलांतून थोडक्या पैशांत एखादा चालता कन्सोल घरीं उभा करतां येईल काय, हा प्रश्न गेल्या दोन वर्षांत आम्हांस बराच जवळून पाहावा लागला. त्यांत आमची फजितीहि झाली. ती झांकून ठेवल्यास पुढील मजकुराला कांहीं अर्थ राहणार नाहीं, म्हणून आधीं तीच सांगतों.

आमच्या घरीं तीन भावांचा संसार एकत्र असून मुलें पांच आहेत. धाकट्या बंधूंनीं आपल्या मुलाच्या मुंजीनिमित्त नवा कन्सोल घेण्याचें मनांत आणलें. त्यांस तें शक्य होतें. परंतु पन्नास हजारांच्या आसपासची ती वस्तु एकाच मुलाच्या नांवानें घरांत आली म्हणजे उरलेल्या चौघांनीं काय करावें? 'एका पानावर लाडू आणि शेजारच्या पानावर नुसतें ताक, असें आपल्याकडे कधीं वाढलेलें नाहीं,' एवढेंच आमच्या मातोश्री म्हणाल्या आणि तो विषय संपला. मुलांनीं मात्र तो संपूं दिला नाहीं. त्यांनीं आपापले ओवाळणीचे व खाऊचे पैसे एका डब्यांत ओतले. ते २,००० रुपये भरले. मोठ्या माणसांनीं ३,००० घातले. या ५,००० रुपयांत सर्वांचा मिळून एक जुना कन्सोल आणावा असें ठरलें. आणि विद्यार्थिदशेंत आम्हीं दोन रेडिओ उघडून त्यांपैकीं एक पुन्हां चालता केला होता, एवढ्या भांडवलावर हें काम आमच्याकडे आलें.

पुढें मुंबईस कांहीं कामानिमित्त गेलों असतां एका दुकानांत आम्हांस एक कन्सोल दिसला. दुकानदारानें तो आमच्या देखत लावून दाखविला. पडद्यावर मोटारी धांवल्या, आवाज आला. दहा मिनिटें सारें सुरळीत चाललें. 'थोडा बिघाड होता, तो आम्हीं काढून टाकला आहे,' असें तो म्हणाला. कोणता बिघाड, हें आम्हीं विचारलें नाहीं. घासाघीस करून ३,२०० रुपयांस तो घेतला व आपण मोठी पारख केली अशा समाधानांत घरीं आलों. आठ दिवस घरांत दुसरा विषय नव्हता. नवव्या दिवशीं संध्याकाळीं चित्र गोठलें, त्यावर आडव्या रेघा उमटल्या, आणि त्यानंतर तो कन्सोल जो बंद पडला तो कायमचा. दुकानदारास फोन केला. जुन्या मालाला हमी नसते, हें त्याचें उत्तर ऐकून घेण्यावांचून इलाज नव्हता.

रात्रीं मुलें निजल्यावर आम्हीं पेटी उघडली. मुख्य चिपच्या भोंवतीं राळ वितळून थिजल्याचे पिंवळट डाग होते. खालची पाटी त्या जागीं काळवंडून किंचित् वांकली होती. पेटीवरचें कंपनीचें सील फाटलेलें होतें आणि स्क्रूंच्या डोक्यांवर ताजे ओरखडे होते. यांतील शेवटच्या दोन खुणा तर बाहेरूनच दिसण्याजोग्या. त्या दुकानांतच आमच्या नजरेस यावयास हव्या होत्या. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पांचहि मुलांना समोर बसवून, तुमचे पैसे आमच्या घाईमुळें बुडाले, असें आम्हीं सांगितलें. मुलें रागावलीं नाहींत. सर्वांत धाकटीनें 'काका, मग आतां किती उरले?' एवढेंच विचारलें. १,८०० उरले होते. मुलें रागावलीं असतीं तर आम्हांस अधिक बरें वाटलें असतें.

त्या चिपचें नेमकें काय झालें होतें, हें समजून घेण्यांत पुढचे कांहीं महिने गेले. कन्सोलच्या मुख्य चिपला जुन्या काळच्या चिपांप्रमाणें बाजूला पाय नसतात. तिच्या पोटाखालीं कथिलाच्या मिश्रधातूच्या, खसखशीच्या दाण्याहूनहि लहान अशा शेंकडों गोळ्या असतात व त्यांच्या आधारें ती पाटीला जोडलेली असते. चिपच्या आंतहि सिलिकॉनचा मूळ तुकडा आपल्या बैठकीवर अशाच, पण त्याहून पुष्कळ बारीक गोळ्यांनीं बसविलेला असतो. खेळ सुरू झाला कीं हें सारें तापतें, बंद केला कीं निवतें. सिलिकॉन व त्याची बैठक हीं तापल्यावर सारख्या प्रमाणांत फुगत नाहींत. त्यामुळें प्रत्येक खेपेस सांध्यांवर थोडा ताण येतो, आणि हजारों खेपांनंतर त्यांतला एखादा तडकतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या एक्सबॉक्स ३६० चा इतिहास या बाबतींत प्रसिद्धच आहे. तो नोव्हेंबर २००५ मध्यें बाजारांत आला. तीन तांबडे दिवे लागून तो निकामी होतो अशा तक्रारी इतक्या वाढल्या कीं, जुलै २००७ मध्यें कंपनीनें त्या बिघाडापुरती हमी तीन वर्षांपर्यंत लांबविली आणि त्यापायीं शंभर कोटी डॉलरांहून अधिक रक्कम खर्चीं टाकली. सन २००६ मध्यें निघालेल्या प्लेस्टेशन ३ मध्यें पिंवळा दिवा लागून यंत्र बंद पडण्याचा रोग असे. त्यांपैकीं कित्येक यंत्रांत दोष सांध्यांचा नसून वीज सांठविणाऱ्या कपॅसिटरांचा आहे, हें हौशी दुरुस्तीकारांच्या ध्यानांत फार पुढें आलें. तोंपर्यंत बिचाऱ्या चिपा पुष्कळ भाजून निघाल्या होत्या.

भाजणें हा शब्द आम्हीं अलंकार म्हणून वापरला नाहीं. असा कन्सोल टॉवेलांत गुंडाळून मुद्दाम तापविणें, चिपवर गरम हवेची बंदूक धरणें, फार काय, सबंध पाटी केक भाजण्याच्या ओव्हनमध्यें ठेवणें, असे उपाय लोकांनीं जगभर केले. चमत्कार हा कीं, कन्सोल पुष्कळदां चालूं लागे. तडकलेला सांधा उष्णतेनें फुगून क्षणभर टेंकतो, परंतु सांधला जात नाहीं. आणि आठवड्यानें किंवा महिन्यानें पुन्हां सुटतो. विकणाऱ्याला तेवढा अवधि पुरतो. आमचा ३,२०० रुपयांचा कन्सोल याच वाटेनें आमच्यापर्यंत आला होता. (ज्या ओव्हनमध्यें घरचें अन्न शिजतें त्यांत असली पाटी कोणीहि ठेवूं नये, हें सुगृहिणींना सांगावयास नकोच, पण उत्साही मुलांना सांगून ठेवलेलें बरें.)

तेव्हांपासून जुना कन्सोल पाहतांना आम्ही त्याच्या रूपाकडे किंवा किंमतीकडे आधीं पाहत नाहीं. आपण खरेदी करतों ती त्यांतील बिघाडाची, असें समजून चालतों. बिघाड हलणाऱ्या, झिजणाऱ्या किंवा मळणाऱ्या भागांत असेल, म्हणजे पंखा, डिस्क वाचणारें भिंग, बटणें, वायर, बाहेरचा अॅडॅप्टर यांत असेल, तर तो आपल्या हातांत व ऐपतींत आहे. तो मुख्य चिपमध्यें असेल तर फुकट मिळालेला कन्सोलहि महाग पडतो. आणि बिघाड कोणता हें विकणाऱ्यास ठाऊक नसेल, अगर ठाऊक असून तो सांगत नसेल, तर तो चिपचाच आहे असें धरून किंमत करावी.

सुदैवानें बहुतेक कन्सोल आपला रोग स्वतः थोडाफार सांगतात. एक्सबॉक्स ३६० च्या कळीभोंवतीं दिव्यांचें एक कडें असतें व त्याचे चार भाग असतात. 'लाल दिवे लागतात' एवढेंच विकणारा सांगतो. किती लागतात तें आपण मोजावें. तीन लागले तर वर सांगितलेला रोग. नमस्कार करून पुढें जावें. दोन लागले तर यंत्र फाजील तापत आहे. पंखा व धूळ पाहावी. चारहि लागले तर पाहणारा सर्वांत अधिक घाबरतो, पण त्याचा अर्थ फक्त चित्राची वायर नीट बसलेली नाहीं किंवा खराब आहे एवढाच असतो. चार दिव्यांचा कन्सोल कोणी मोडीच्या भावानें विकत असल्यास घाई न दाखवितां पैसे मोजावे. प्लेस्टेशन २ च्या मूळच्या जाड नमुन्याला मागच्या बाजूस एक मुख्य कळ आहे. ती दाबलेली नसेल तर पुढचा तांबडा दिवा लागतच नाहीं. ही कळ ठाऊक नसल्यामुळें धडधाकट यंत्रें 'बंद' म्हणून विकलीं जातात. त्याच यंत्राच्या पुढच्या बारीक नमुन्यांपैकीं पहिल्यांना साडेआठ व्होल्टचा वेगळा अॅडॅप्टर लागतो. तो हरवला कीं घरचे लोक दुसराच कांहीं तरी खुपसून पाहतात आणि आंतला फ्यूज उडवितात.

आणखी एक गोष्ट आपल्याकडील घरांना विशेष लागू आहे. अमेरिकेंतील मुलगा किंवा भाचा सुटींत येतांना आपला जुना कन्सोल बरोबर आणतो व येथेंच टाकून जातो. तिकडची वीज १२० व्होल्टची, जपानची १०० ची, आपली २३० ची. पुष्कळ जुने कन्सोल एकाच दाबासाठीं बांधलेले असतात. पिनेला जोड लावून ते आपल्या भिंतींत घातले कीं मोठा आवाज होतो आणि खेळ संपतो. पेटीच्या पोटावरची पट्टी वाचण्यास अर्धें मिनिट लागतें. शिवाय तिकडच्या प्लेस्टेशन २ मध्यें आपल्याकडे विकलेल्या मूळ डिस्क चालत नाहींत, कारण जगाचे प्रदेश पाडून यंत्रें व डिस्क विकण्याची कंपन्यांची पद्धति होती. आपल्याकडील पुष्कळ यंत्रांत हें बंधन तोडण्यासाठीं, व त्याहूनहि अधिक करून नकली डिस्क चालविण्यासाठीं, बाजारांतल्या कारागिरांनीं वेगळी चिप बसविलेली असते. त्या उद्योगाची आम्ही तरफदारी करीत नाहीं. पण आंतून लोंबणाऱ्या केंसाएवढ्या बारीक वायरी दिसल्या तर त्या कशाच्या आहेत, हें वाचकांस कळलेलें असावें.

एवढी तयारी झाल्यावर एका रविवारीं आम्ही थोरल्या पुतण्याला व बारा वर्षांच्या पुतणीला घेऊन पुण्याच्या जुन्या बाजारांत गेलों. पिशवींत चित्राची एक चांगली वायर, दोन डिस्क, एक विजेरी व मातोश्रींचें वाचनाचें भिंग होतें. पुतण्यानें एका स्नेह्याच्या मोटारींतून मागचें पाहण्याचा लहानसा पडदा मागून आणला होता. तो बॅटरीवर चालतो व त्यांत जुन्या कन्सोलची पिंवळी वायर बसते, ही युक्ति त्याचीच. कुलपें, खिळे व जुन्या घड्याळांच्या ढिगांत एक जाड प्लेस्टेशन २ मिळालें. नाकाशीं धरलें, जळका वास नव्हता. हलविलें, आंत कांहीं तरी खुळखुळलें. स्क्रूंवर ओरखडे नव्हते. 'चालू होतो, पण सीडी घेत नाहीं,' असें विकणारा स्वच्छ म्हणाला, आणि हा आम्हांस शुभशकुन वाटला. समोरच्या चहावाल्यानें कृपा करून आपला प्लग दिला. तांबडा दिवा, मग हिरवा, मग पडद्यावर मेनू. ज्या डिस्कची खालची बाजू निळसर होती ती सावकाश कां होईना, पण चालली. रुपेरी डिस्क घातली तर तांबडा पडदा येऊन यंत्र स्वस्थ बसलें.

या एका परीक्षेंत पुष्कळ कांहीं कळतें. प्लेस्टेशन २ चे कांहीं खेळ सीडीवर असतात, त्यांची खालची बाजू निळी. बहुतेक डीव्हीडीवर, त्यांची रुपेरी. दोन्ही वाचावयास एकच भिंग, परंतु किरण दोन: सीडीसाठीं डोळ्यांस न दिसणारा ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीसाठीं तांबडा ६५० नॅनोमीटरचा. एक वाचतें व दुसरें वाचत नाहीं, याचा अर्थ मुख्य पाटी, मोटार व वीज हीं बरीं आहेत आणि रोग भिंगापाशीं आहे. ६०० रुपयांत सौदा झाला. हें यंत्र निवडण्यास आणखी एक कारण होतें. ४ मार्च २००० रोजीं जपानांत निघालेलें हें यंत्र २०१३ च्या आरंभापर्यंत तयार होत राहिलें व जगांत पंधरा कोटींहून अधिक खपलें. एवढी प्रजा असल्यामुळें त्याचे सुटे भाग अद्याप मिळतात. सन २००९ मध्यें तर कबड्डी, विटीदांडू व पतंग यांचा 'देसी अड्डा' नांवाचा खेळहि त्याकरितां आपल्या देशांत निघाला होता. मुलें कबड्डी अंगणांत न खेळतां बोटांनीं खेळतात, यावर मातोश्रींचें मत येथें छापण्यासारखें नाहीं.

घरीं आल्यावर उघडण्याचा समारंभ झाला. या नमुन्यांत घरची वीज थेट पेटीच्या आंत येते, आणि तेथील मोठ्या कपॅसिटरांत सुमारें ३२५ व्होल्टचा दाब सांठतो. पिन काढल्यावरहि तो कांहीं वेळ राहूं शकतो. म्हणून प्लग काढून पेटी एक रात्र तशीच ठेवावयाची, आणि विजेच्या भागाला मुलांनीं हात लावावयाचा नाहीं, हा नियम आम्हीं घातला व पाळला. हातांत धरण्याच्या लहान कन्सोलांची गोष्ट वेगळी. त्यांत लिथियमची बॅटरी असते आणि जुनी झाली कीं पापडासारखी फुगते. फुगलेली बॅटरी दाबूं नये, टोंचूं नये, चार्जहि करूं नये. ती फुटली तर आग होते.

आंत धुळीचा इतका जाड थर होता कीं पंख्याचीं पातीं दिसत नव्हतीं. उबेला आलेलीं दोन झुरळें वाळून पडलीं होतीं. खुळखुळणारी वस्तु म्हणजे एक रुपयाचें नाणें निघालें. तें मुलांनीं जमेस धरलें. मऊ ब्रशानें धूळ झाडली, भिंग शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलनें कापसाचें बोंड ओलें करून अलगद पुसलें. घरांतलें अत्तर, स्पिरिट किंवा थुंकी यांपैकीं कांहीं वापरूं नये. आमच्या वयाच्या वाचकांस आठवत असेल, नव्वदीच्या सुमारास टीव्हीवरील गेमची कॅसेट चालेनाशी झाली कीं सारे तिच्यांत फुंकर मारीत. त्या फुंकरेनें फायदा होत नसे. कॅसेट काढून पुन्हां घातल्यानें ती चाले, आणि फुंकरेंतल्या ओलाव्यानें तिच्या पट्ट्या मात्र गंजत. भिंग ज्या दांड्यावरून सरकतें त्यावरचें वंगण वाळून चिकट झालें होतें. तेंहि पुसून नवें थेंबभर लावलें. डीव्हीडी सुरू झाली, पण दहा मिनिटांनीं अडली. भिंगाचा कल बदलण्यासाठीं आंत एक पांढरें दंतचक्र असतें. मूळ जागीं पेन्सिलीची खूण करून तें दोनचार दांते फिरवून पाहिलें. फरक पडेना, म्हणून खुणेवर परत आणलें. ही खूण न करतां चक्र फिरविणाऱ्याला पुढें कोणीहि मदत करूं शकत नाहीं.

शेवटीं नवें भिंग घेणें भाग पडलें. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून तें ५५० रुपयांस आणविलें. त्याची कागदासारखी पातळ पट्टी वहिनींच्या शिवणाच्या डब्यांतील चिमट्यानें खांचेंत बसविली, यंत्र लावलें, आणि तांबडा पडदा आला. पट्टी काढून पुन्हां बसविली. पुन्हां तांबडा पडदा. आतां तर निळी डिस्कहि वाचेना. दोन तास गेले. पैसे संपत आले होते, आणि दुसऱ्यांदा मुलांसमोर तेंच वाक्य उच्चारण्याची तयारी आम्ही मनांत करूं लागलों होतों. पुतणी मात्र भिंगाच्या बुडाशीं आजीचें भिंग धरून बसली होती. 'काका, इथें दोन पायांना मिळून एकच डाग आहे. बाकीच्यांचे वेगळे वेगळे आहेत,' असें ती म्हणाली. तिचें बरोबर होतें. अंगच्या स्थिर विजेनें लेसर जळूं नये म्हणून कारखान्यांतच दोन टोंकें डाग देऊन एकत्र जोडून ठेवतात, आणि भाग बसविल्यानंतर तो डाग काढावयाचा असतो. सोल्डरिंग आयर्नचें टोंक क्षणभर लावून तो उचलला. रुपेरी डिस्क फिरूं लागली. रात्रीचे साडेदहा झाले होते, तरी त्या दिवशीं कोणी कोणास झोपावयास सांगितलें नाहीं.

कंट्रोलरचें काम त्या मानानें हलकें. त्यास मुलें अजून रिमोट म्हणतात. आंतील रबरी गाद्या साबणाच्या पाण्यानें धुवून पूर्ण वाळविल्या, खालची पट्टी अल्कोहोलनें पुसली. एक बटण तरीहि दोन वेळां दाबावें लागतें. नव्या टीव्हीला तीन रंगांचीं भोंकें नसल्यामुळें ३५० रुपयांचा जोड घ्यावा लागला. घड्याळाचा चपटा सेल ४० रुपयांचा, अल्कोहोल व कापूस १२० चा.

या यंत्राबरोबर आठ मेगाबाइटचें एक मेमरी कार्ड आलें होतें. अर्धवट राहिलेला खेळ त्यांत सांठवितात, आणि प्रत्येक नोंदीपुढें तारीख असते. तें उघडतांच कोणा अनोळखी मुलाचे तीन वर्षांचे खेळ पडद्यावर आले. पहिली नोंद २००८ च्या दिवाळीच्या सुमाराची, शेवटची मे २०११ ची. एका क्रिकेटच्या खेळांत त्यानें आपला स्वतःचा संघ तयार केला होता व खेळाडूंना बहुधा आपल्या मित्रांचीं नांवें दिलीं होतीं. विकणाऱ्याकडे पुन्हां जाऊन चौकशी केली; यंत्र कोणाच्या घरचें, हें त्यास ठाऊक नव्हतें. कार्ड पुसून टाकावें असें दोन मुलांचें मत पडलें, तिघांचें विरुद्ध. नवें कार्ड घेण्याइतके पैसे डब्यांत नव्हते. अखेर उरलेल्या अर्ध्या जागेंतच पांच जणांनीं भागवावें असें ठरलें, आणि तो संघ जसाच्या तसा आहे. मधूनमधून ते त्याच्याविरुद्ध सामना खेळतात व बहुधा हरतात.

हिशेब असा झाला. १,८०० पैकीं १,६६० खर्च; शिल्लक १४०, अधिक पेटींत सांपडलेला एक रुपया. मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न व स्क्रू-ड्रायव्हर घरीं होते, नाहीं तर आणखी हजारभर रुपये लागले असते. बुडालेले ३,२०० धरून एकंदर ४,८५९ रुपये झाले, आणि एवढ्या पैशांत एखाद्या ओळखीच्या गृहस्थाकडून चालतें प्लेस्टेशन २ सरळ विकत मिळालें असतें, हें धाकट्या बंधूंनीं दाखवून दिलें. तें खरें आहे. ज्यांस केवळ खेळावयाचें आहे त्यांनीं तसेंच करावें.

पहिला कन्सोल आम्हीं टाकला नाहीं. त्याचा पंखा चांगला होता, तो काढून ठेवला. बाकीची पेटी मिटून माळ्यावर ठेवली आहे. तिच्यावर पुतणीनें एक कागद चिकटविला आहे. त्यावर तिच्या अक्षरांत लिहिलें आहे: 'चिप गेलेली आहे. विकतांना सांगणें.'